नकाराची नक्षी

निर्मलचं नाव काढलं की समोरचा लगेच खेळणी म्हणतो. पोनिकीचं हलकं लाकूड, त्यावर चिंचोक्याच्या खळीचा हात, वर झळझळीत रंग. लाकडाचं सीताफळ इतकं खरं दिसतं की आलेला पाहुणा ते हातात घेऊन वजन करून बघतो. इथल्या नक्काश घराण्यांना सतराव्या शतकात निम्मा नायडूने आश्रय दिला असं परंपरा सांगते. त्या आश्रयाची पुण्याई अशी की आज देशभरात कुठेही निर्मल म्हटलं तर लोकांना रंग दिसतात.

पण अबुल फझलला रंग दिसले नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऐन-इ-अकबरी’त त्याने वऱ्हाड सुभ्याचं वर्णन केलं. त्यात इंदूर, म्हणजे आजचं निजामाबाद, आणि निर्मल या भागांत पोलादाच्या खाणी असल्याची नोंद आहे. पोलाद काही खाणीतून निघत नाही. निघते ती लोहधातुकाची माती आणि खडक. पोलाद होतं ते माणसाच्या हातून, भट्टीत. तरी दिल्ली-आग्र्याच्या दफ्तरात निर्मलच्या नावापुढे जमिनीतूनच पोलाद निघत असल्यासारखी नोंद व्हावी, एवढा त्या मालाचा बोलबाला होता.

आमचं मूळ गाव मुधोळ तालुक्यातलं. हा तालुका 1956 पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो आदिलाबादला जोडला गेला आणि त्याच झटक्यात किनवट, राजुरा आदिलाबादेतून तिकडे मुंबई राज्यात गेले. 2016 साली तेलंगणाने जिल्हे फोडले तेव्हा निर्मल स्वतंत्र जिल्हा झाला आणि आम्ही त्यात पडलो. घर जागचं हललं नाही, ओसरीवरची मराठी हलली नाही, पत्ता मात्र बदलत राहिला. त्यामुळे एखादी वस्तू नेमकी कुठली, या प्रश्नाचं कुणी फार ठासून उत्तर दिलं की मी जरा सावध होतो.

पोलादाच्या या जुन्या गोष्टीकडे मी इतिहासाच्या वाटेने आलो नाही. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर निर्मलच्या घरामागच्या पडवीत पत्र्याखाली एक टेबल, एक व्हाइस, ग्राइंडर आणि प्लास्टिकचे टब मांडले. सुरुवात झाली ती शेजारच्या मुलांसाठी सर्किट बोर्ड करून देण्यापासून. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला बोर्ड घ्यायचा, जिथे तारेसारखी वाट हवी तिथे परमनंट मार्करने रेघ मारायची आणि बोर्ड फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे पुडीत मिळतं, पिवळट तपकिरी खड्यांच्या रूपात. पाण्यात टाकलं की पाणी तापतं आणि गडद तपकिरी होतं.

पुढे जे घडतं ते मी वर्गात फळ्यावर कितीदा तरी लिहिलं होतं. फेरिक आयनाला एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो मिळवायला तो टपलेला असतो. तांबं इलेक्ट्रॉन देतं. देताना स्वतः विरघळतं आणि फेरिकचं फेरस होतं. दोन रेणू फेरिक क्लोराइड, एक अणू तांबं. हाती येतात दोन रेणू फेरस क्लोराइड आणि एक रेणू क्युप्रिक क्लोराइड. फळ्यावर हे समीकरण जुळलं की विषय संपत असे. पडवीत तो तिथून सुरू झाला. ताजं द्रावण तपकिरी, वापरत गेलं की हिरवटपणाकडे झुकणारं. थंडीत काम रेंगाळतं, म्हणून टब कोमट पाण्याच्या परातीत ठेवावा लागतो. टब मधूनमधून हलवला नाही तर तांब्यावर साचलेला थर ताज्या द्रावणाची वाट अडवतो आणि बोर्डावर डाग उरतात. एखादं समीकरण खरं असणं आणि ते वेळेवर पुरं होणं, या दोन गोष्टींमध्ये हाताचं बरंच काम असतं.

आणि या सगळ्यात द्रावण चित्र काढत नाही, हे मला मुलांच्या प्रश्नांमुळे नीट दिसलं. बोर्ड बाहेर काढून मार्करची शाई पुसली की खाली तांब्याच्या चकचकीत वाटा दिसतात. एका मुलीने विचारलं, “सर, ॲसिडने ही रेघ कशी काढली?” ॲसिडने, म्हणजे खरं तर त्या क्षाराच्या द्रावणाने, रेघ काढलीच नव्हती. त्याने रेघ सोडून बाकी सगळं नेलं होतं. शाईखालच्या तांब्यापर्यंत ते पोचू शकलं नाही, म्हणून तेवढं राहिलं. धातूवर द्रावणाने उमटवलेल्या कुठल्याही चित्राचं मूळ हेच असतं: जवळजवळ असलेल्या दोन जागांपैकी एक अभिक्रियेला हो म्हणते, दुसरी नाही म्हणते. दोघी हो म्हणाल्या तर नुसता झिजलेला पत्रा उरतो. दोघी नाही म्हणाल्या तर काहीच घडत नाही. चित्र म्हणजे त्या दोन उत्तरांमधला फरक, आणि डोळ्यांना दिसतो तो भाग बहुतेकदा नकार देणाऱ्याचा असतो.

बोर्डावरचा नकार मी बाहेरून लावलेला होता, शाईचा. नकार धातूच्या पोटातही असू शकतो, हे दाखवलं ते गावाबाहेर भट्टी चालवणाऱ्या एका वयस्क लोहारमामांनी. विळे, कोयते, कुऱ्हाडी हे त्यांचं रोजचं काम. ट्रकचा जुना कमानपाटा तापवून त्यांनी मला एक सुरी घडवून दिली आणि फक्त धारेकडची बाजू तेलात विझवली. मी ती घरी आणून पॉलिश पेपरने घासत नेली, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. ॲसिटोनने तेलाचा अंश पुसला आणि चौपट पाणी घालून पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये ती बुडवली. घासून आरशासारखं एकसारखं झालेलं पातं बाहेर आलं तेव्हा त्यावर दोन निरनिराळे करडे रंग होते आणि मध्ये एक धुरकट वळणदार सीमा. विझवताना तेल जिथपर्यंत चढलं होतं तिथपर्यंतच्या पोलादाची आतली रचना वेगळी झाली होती. पॉलिशने ती झाकली होती, द्रावणाने ती उघडी केली.

पुढच्या खेपेला आम्ही थरांची सुरी करून पाहिली. या भागात सागवान, म्हणून आरा गिरण्या. लाकूड कापणाऱ्या मोठ्या बँडसॉच्या काही पात्यांत दोनेक टक्के निकेल असतं. असं एक मोडकं पातं आणि कमानपाट्याचे तुकडे एकावर एक रचून, टाकणखार टाकून, मामांनी भट्टीत जोडले, ठोकले, दुमडले, पुन्हा ठोकले. घासल्यावर सुरी सपाट एकरंगी. द्रावणातून काढल्यावर निकेलचे थर चांदीसारखे उजळ राहिले आणि बाकीचे काळवंडले. निकेल असलेलं पोलाद द्रावणाला सहज वश होत नाही. मी हरखून गेलो. मामा शांत. म्हणाले, “सर, भट्टीत आपण जे केलं तेच दिसंल. तुमच्या पाण्यात काय बी नाही.”

मामांचं म्हणणं धातुविज्ञानाच्या पायाशी जाऊन पोचतं. शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बीने 1863-64 च्या सुमारास पोलादाचा तुकडा घासून, पॉलिश करून, पातळ नायट्रिक आम्लाने हलकेच खाऊ दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला दिसलेल्या कणांच्या नकाशावर एक अख्खी विद्याशाखा उभी राहिली. आजही इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत ‘नायटल’ नावाची बाटली असते. अल्कोहोलमध्ये दोनेक टक्के नायट्रिक आम्ल. पोलाद किती तापलं, कसं थंड झालं, कुणी घाई केली, हे सगळं ती बाटली काही सेकंदांत सांगते. धातूला आपली भट्टी विसरता येत नाही.

निर्मलहून दक्षिणेला निघालं की सोनच्या पुलावरून गोदावरी ओलांडावी लागते. पलीकडे निजामाबाद जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री वॉयसी इथे आला. हा माणूस लॅम्बटनच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात डॉक्टर आणि भूवैज्ञानिक म्हणून काम करत होता. लॅम्बटन 1823 साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. वॉयसी पुढच्याच वर्षी गेला. कोनसमुद्रमच्या पोलादाबद्दल त्याने लिहून ठेवलेलं वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, 1832 साली, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं.

त्याने पाहिलेली रीत अशी होती. दोन निरनिराळ्या ठिकाणचं लोखंड ठरावीक प्रमाणात मिसळून मातीच्या मुशीत भरायचं, त्यावर काच टाकायची, मुशीचं तोंड मातीने बंद करायचं आणि सुमारे एक दिवस-रात्र भात्यावर भट्टी धगधगत ठेवायची. मग मूस सावकाश निवू द्यायची आणि फोडायची. आत पोलादाची छोटी ढेप निघे. ती इतकी कडक असे की घण मारला तर तडकावी, म्हणून तिला मातीने लिंपून पुन्हा मंद आचेत तासन् तास ठेवत, आणि हे एकाहून अधिक वेळा करत. कच्चा माल आसपासचाच. निर्मलच्या पूर्वेला दिमदुर्तीकडे खडकात चुंबकीय लोहधातुकाचे कण विखुरलेले आहेत. ते फोडून, धुऊन, गाळून लोखंड करणारी गावं या पट्ट्यात पसरलेली होती.

वॉयसीला तिथे इस्फहानचा एक व्यापारी भेटला. तो पोलाद विकत घ्यायला इराणहून येऊन राहिला होता, आणि माल तयार होताना जातीने देखरेख करत होता. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. गोवळकोंड्याच्या राज्यातलं हे पोलाद लहान पावाएवढ्या ढेपांत इराणला जातं आणि पात्यांवर ती प्रसिद्ध नक्षी याच पोलादावर उमटते, असं सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निएनेही लिहून ठेवलं आहे. म्हणजे ढेप इथे ओतली जाई, पातं तिथे घडे. आणि नक्षी तर आणखी पुढच्या टप्प्यावर, इस्फहानच्या पॉलिशवाल्याच्या हाताखाली प्रकट होई. तो पातं घासून गुळगुळीत करी आणि त्यावर ‘जाग’ नावाने ओळखलं जाणारं एक खनिज पाण्यात कालवून फिरवी. हे लोहाचं सल्फेट. आपल्या वाण्याकडे जुन्या काळी मिळणारं हिराकस त्याच कुळातलं. हवेवर मुरलेल्या त्या क्षारात फेरिक आयन असतात, माझ्या टबातल्यासारखेच. लोखंडाचा क्षार लोखंडाला खातो: दोन फेरिक आणि एक धातुरूप लोह मिळून तीन फेरस. बाहेरचं काही लागतच नाही.

मग पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जाळी उमटे. ती का उमटे? या पोलादात कार्बन भरपूर, दीडेक टक्का. ढेप सावकाश निवताना आणि पुढे मंद आचेवर पुनःपुन्हा तापवून ठोकताना त्यातला काही कार्बन लोखंडाशी जोडला जाऊन सिमेंटाइट नावाचं अतिकठीण संयुग होतं. त्याचे बारीक कण ओळींनी मांडले जातात. द्रावण आलं की भोवतालचं पोलाद हो म्हणतं, काळवंडतं. सिमेंटाइट नाही म्हणतं आणि पांढरं राहतं.

पण कण ओळीनेच का मांडले जातात, याचं उत्तर मिळायला विसावं शतक सरत आलं. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक व्हर्होवन आणि फ्लोरिडातला अल पेन्ड्रे नावाचा, घोड्यांना नाल ठोकणारा लोहार, या जोडीने हे कोडं बरंचसं सोडवलं. 1998 साली त्यांनी दाखवलं की व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्याचा अगदी अल्प अंश, शेकडा हजारांश भागांच्या हिशेबातला, पोलादात असेल तर ढेप गोठताना तो ठरावीक पट्ट्यांत साचतो आणि पुढे सिमेंटाइटचे कण त्याच पट्ट्यांवर वाढतात. म्हणजे ज्याला शुद्धतेच्या दृष्टीने मळ म्हणावं त्यानेच नक्षीची जागा ठरवली. तो मळ येतो धातुकातून, खाणीच्या खडकातून. ज्या खाणीत तो अंश होता ती संपली आणि दुसरीकडचा माल आला, तर तोच लोहार त्याच रीतीने काम करूनही नक्षी येणार नाही. ही कला कशी हरवली याबद्दलचं त्यांचं अनुमान असंच होतं. आपल्या हातात तीच विद्या असताना एकाएकी पात्यावर काहीच उमटू नये, हे त्या लोहाराला कसं वाटलं असेल? त्याने दोष कुणाला दिला असेल, भट्टीला, देवाला की पोराच्या भात्याला?

2006 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या अशाच एका तलवारीचा नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवला. उरलेल्या गाळात त्यांना कार्बनच्या नॅनोनळ्या सापडल्या आणि त्यांच्या आवरणात सुरक्षित राहिलेल्या सिमेंटाइटच्या तारा. इथेही तेच. आम्लाने बाकीचं नेलं, आणि ज्याने जायला नकार दिला त्यावरून शोधनिबंध झाला.

या पात्यांना जगाने नाव दिलं दमास्कसचं. युरोपियन लोकांना ती ज्या बाजारात भेटली, ज्या शहराशी त्यांनी ती जोडली, त्याचं नाव लागलं. पोलाद इथलं, घडाई इराणची, नाव सीरियाचं. वस्तू जिथे घडते तिथलं नाव तिला क्वचित लागतं. ती जिथे दिसते तिथलं लागतं. निर्मलच्या खेळण्यांचं नशीब बरं, त्यांचा रंग इथेच चढतो. पोलादाची नक्षी इथल्या लोहाराने ढेपेत बंद करून दिली आणि ती उघडणारा हात दोन समुद्र ओलांडून पलीकडे होता.

उघडण्याची ही हाव पुढे युरोपलाही लागली. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉटने 1794 साली या भारतीय पोलादाचे, वूट्झचे, नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सनने त्यांच्यावर निबंध वाचला. 1819 साली मायकेल फॅरडेने वूट्झचं विश्लेषण केलं. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा. स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर त्याने पोलादात चांदीपासून प्लॅटिनमपर्यंत नाना धातू मिसळून पाहिले. वूट्झचं रहस्य कार्बनऐवजी ॲल्युमिना-सिलिकेच्या मूलद्रव्यांत आहे असा त्याचा कयास होता, तो चुकला. पण त्या चुकीच्या वाटेवर मिश्रपोलादांच्या अभ्यासाची सुरुवात झाली. दरम्यान इंग्लंडचं स्वस्त पोलाद बाजारात ओतलं जाऊ लागलं, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावर बंधनं आली आणि मूस चालवणाऱ्या भट्ट्या एकेक करून विझल्या.

नकारातून चित्र काढायची आणखी एक रीत आमच्याजवळच आहे, बिदरला. तिथलं बिदरी काम जस्ताचं असतं. जस्तात थोडं तांबं. ओतलेल्या सुरईवर कारागीर छिन्नीने खाचा पाडतो आणि त्यांत चांदीची तार ठोकून बसवतो. घासल्यावर सगळं राखाडी, चांदी कुठली आणि जस्त कुठलं ते ओळखू येत नाही. मग किल्ल्यातल्या जुन्या, उन्हापावसापासून आडोशाला राहिलेल्या जागेची माती आणि नवसागर पाण्यात कालवून उकळतात आणि सुरईला चोळतात. मिश्रधातू काळाकुट्ट होतो. चांदी हूं की चूं करत नाही. काळं होण्यासाठी ते थोडंसं तांबं लागतंच. निव्वळ जस्तावर तसा रंग धरत नाही. इथेही अल्प अंशाचं राज्य. मात्र बिदरीचं एक सुख आहे: माती, नवसागर, कारागीर आणि नाव, सगळं एकाच गावात आहे.

आता नकाराबद्दल इतकं बोलल्यावर होकाराचा हिशेब टाळता येत नाही. जे विरघळलं ते गेलं कुठे? पात्यावरची नक्षी पाहणारा टबात बघत नाही. सर्किट बोर्डाचं वापरलेलं द्रावण हिरवट तपकिरी होतं ते त्यातल्या तांब्यामुळे. तांबं माणसाला भांड्यातून चालतं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं मासे आणि शेवाळ यांच्यासाठी थोड्या प्रमाणातही विष आहे. निर्मलच्या भोवती तलाव आहेत, खाली गोदावरी आहे, पोचमपाडला श्रीरामसागरचं धरण आहे. पडवीतली मोरी शेवटी तिकडेच जाते. म्हणून वापरलेलं द्रावण मी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवतो आणि त्यात लोखंडाचे खिळे, तारेची घासणी टाकून ठेवतो. आधी उरलेलं फेरिक खिळ्यांवर खर्च होतं, मग तांबं तळाशी लालसर गाळ होऊन बसू लागतं, कारण तांब्यापेक्षा लोह विरघळायला अधिक उत्सुक. तो गाळ वेगळा करायचा. उरलेल्या पाण्यात चुना घातला की लोहाचा हिरवट आणि मग गंजाच्या रंगाचा साका बसतो. तो गाळून, वाळवून, बंद डब्यात. हे सगळं करायला नक्षी काढण्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि कुणी बघायला येत नाही.

ॲल्युमिनियमचं भांडं या कामाच्या आसपास आणू नये. त्याच्यावर असलेला ऑक्साइडचा पातळ पापुद्रा क्लोराइडने फोडला की द्रावण उकळ्या मारतं, हायड्रोजन निघतो, उष्णता आवरत नाही. स्टेनलेसच्या टबाला वरून काही होत नसल्यासारखं वाटतं आणि काही दिवसांनी सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात. घरात शहाबादी फरशी असेल तर ती चुनखडी आहे हे विसरू नये. आम्लाचा थेंब पडला की फसफसते आणि फेरिकचा पिवळा डाग जन्माचा बसतो. शोऱ्याचं तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, तांब्यावर घातलं की लालसर तपकिरी वायू निघतो. पूर्वी वर्तमानपत्रांचे जस्ताचे ब्लॉक याच आम्लात खोदले जात. हा वायू हुंगल्यावर माणूस तासन् तास धड दिसू शकतो आणि मग फुप्फुसात पाणी भरून अत्यवस्थ होतो. बंद खोलीत हे काम करणाऱ्याला मी हात जोडून नको म्हणतो. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तेजाबाच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली ती वेगळ्या, अधिक भयंकर कारणासाठी. पण धातूचं कातडं सोलणारं द्रावण माणसाचंही सोलतं, हे दोन्हीकडचं कारण एकच.

पडवीत बसून केलेल्या या उद्योगातून मला एक मोह वारंवार झाला. दिल्लीच्या, हैदराबादच्या संग्रहालयात लहरींची नक्षी असलेलं पातं पाहिलं की वाटतं, हे आमचं. निर्मलच्या मातीतलं. कोनसमुद्रमच्या मुशीतलं. पण रसायनशास्त्राच्या माणसाला तसं म्हणता येत नाही. मुशीतलं पोलाद म्हैसूरकडे होत असे, सेलमकडे होत असे, श्रीलंकेत होत असे, मध्य आशियातल्या मर्वलाही होत असे. द्रावण पात्यावर ओतलं तर ते कार्बन सांगेल, उष्णतेचा हिशेब सांगेल, लोहाराचा धीर सांगेल. गाव सांगणार नाही. जुन्या पात्यावर प्रत्येक घासणीत आणि प्रत्येक खाण्यात थोडं पोलाद कायमचं जातं, म्हणून केवळ आपली हौस भागवायला ते पुन्हा पुन्हा विचारणंही बरं नाही.

गाव सांगणारं जे आहे ते पात्यावर नाहीच. ते कोनसमुद्रम आणि आसपासच्या गावांच्या शेतांत, पांढरीच्या टेकाडांवर पडलेलं आहे: काचेसारखी मळी आणि फुटक्या मुशींच्या खापऱ्या. कोनसमुद्रमच्या खापऱ्या एका अभ्यासकांच्या गटाने 1991 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तपासल्या आहेत. मुशीच्या मातीत भाताचं तूस कालवलेलं होतं. भट्टीच्या प्रचंड आचेत त्या तुसातला कार्बन आणि सिलिका यांनी, आणि मातीतून जन्मलेल्या मुलाइट नावाच्या सुयांसारख्या स्फटिकांनी, मिळून खापरीला असं बळ दिलं की वितळलेलं पोलाद पोटात घेऊन ती टिकली. आज प्रगत म्हणवणाऱ्या तंतुमिश्रित सिरॅमिकची ती थोरली बहीण ठरते, आणि ती घडली ती धान कांडून उरलेल्या टाकाऊ तुसातून. 2010 च्या सुमारास बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि इंग्लंडचं एक्झिटर विद्यापीठ यांनी मिळून उत्तर तेलंगणात गावोगाव पाहणी केली आणि अशा जागांची नोंद घेतली.

आमच्याकडची पोरं सर्किट बोर्ड घेऊन येतात तेव्हा मी आता त्यांना नांगरटीनंतरच्या शेतात काळी, जड, काचेरी ढेकळं दिसली तर सांगायला सांगतो. उचलून आणू नका, जागा लक्षात ठेवा आणि मोठ्यांना सांगा. विहिरीच्या भरावात, बांधात, रस्त्याच्या खडीत हे सहज मिसळून जातं आणि मिसळलं की त्याची साक्ष संपते. पोलाद विकलं गेलं, वाकवलं गेलं, घासलं गेलं, गंजलं; लोखंडाने सगळ्यांना होकार दिला आणि ते जगभर विखुरलं. मुशीने आगीलाही नाही म्हटलं आणि गंजालाही. इस्फहानच्या व्यापाऱ्याने ती नेली नाही, कारण तिला भाव नव्हता. निर्मलच्या पोलादाचा खरा पत्ता अजून तिच्यावरच आहे, आणि तो वाचायला तेजाब लागत नाही.